‘थॅलस’ म्हणजे नेमकं काय, आणि तो शब्द कुठे वापरायचा

प्रश्न चांगला विचारलात. थॅलस, मराठीत कायक, म्हणजे मूळ, खोड आणि पान असे खरे भाग न पडलेलं शरीर. हा शरीररचनेचा शब्द आहे, कुठल्या एका गटाचं नाव नाही. शैवालं, दगडफूल, तसंच रिक्सिया आणि मार्केंशिया या ओल्या जमिनीला चिकटून वाढणाऱ्या छोट्या वनस्पती, या सगळ्यांच्या शरीराला थॅलस म्हणतात.

सुरुवातीला या चुका टाळा:

- ‘थॅलस म्हणजे साधं, लहान शरीर’ असं धरू नका. स्पायरोगायरा या गोड्या पाण्यातल्या शैवालाचा थॅलस एका पेशीच्या जाडीचा धागा असतो, तर केल्प या समुद्री शैवालाचा कित्येक मीटर लांब.
- सरगॅसम या समुद्री शैवालात पानासारखं, देठासारखं आणि मुळासारखं काही दिसलं की लगेच पान, खोड, मूळ लिहू नका. त्याला पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या नसतात. खालचा भाग फक्त खडकाला घट्ट धरतो, म्हणून त्याला ‘दृढबंध’ म्हणा. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.
- मार्केंशियाच्या खालचे केसासारखे धागे म्हणजे मूलाभ. प्रत्येक धागा एकाच पेशीचा असतो. मूळ अनेक पेशींचं असतं आणि त्यात पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या ऊती (वाहक ऊती) असतात.
- थॅलस असलेल्या सजीवांचा ‘थॅलोफायटा’ हा जुना गट आजच्या वर्गीकरणात टिकलेला नाही. ‘थॅलस’ शब्द मात्र रोजच्या वापरात आहे.

नमुना हातात आला की दहापट भिंग घ्या आणि आकार, फांद्या फुटण्याची पद्धत आणि चिकटण्याची जागा, एवढंच वहीत उतरवा. ऊतींचे छेद आणि पिढ्यांचं एकांतरण (जीवनचक्रात दोन प्रकारच्या पिढ्या आलटून पालटून येणं) सध्या बाजूला ठेवा.