पर्सवेब कोळी कुठे शोधावा? तो घरात पाळता येतो का?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: तुम्ही अमेरिकेतल्या जॉर्जियात राहता, घरामागे जुने ओक आहेत, जूनमध्ये अंगणात लाल पायांचा काळाकुळकुळीत कोळी फिरताना दिसला, तो पर्सवेब असल्याचं कुणीतरी सांगितलं, आणि आता त्याची मादी शोधून तुमच्या पाळीव टॅरँटुलाशेजारी (म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याशेजारी) ठेवायची आहे.

मादी मिळेल, बहुधा तुमच्याच आवारात. पाळताही येईल. पण टॅरँटुला पाळल्याची मजा यात नाही, हे आधीच सांगतो. पर्सवेबची मादी जवळजवळ सगळं आयुष्य स्वतः विणलेल्या रेशमी नळीच्या आत काढते. पाहुण्यांना दाखवायला तुमच्याकडे फक्त एक मळकट नळी असेल.

तुम्हाला दिसला तो बहुतेक स्फोड्रोस रुफिपेस या पर्सवेब जातीचा नर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे नर मादी शोधत दिवसाढवळ्या हिंडतात आणि हमखास कुणाच्या तरी स्विमिंग पूलमध्ये पडतात. त्याला बरणीत घालू नका, वयात आलेला नर तसाही फार दिवस जगत नाही. त्याचा उपयोग एवढाच की तो पायी आलाय, म्हणजे माद्या लांब नाहीत.

आता शोधायचं कसं. सह्याद्रीत घाटरस्त्याच्या कडेला, मातीच्या उभ्या कापांत झाकणवाल्या कोळ्यांची बिळं शोधत वाढलेल्या माझ्यासारख्याची नजर इथेही आधी मातीवरच जाते. रुफिपेससाठी मात्र झाडाचा बुंधा बघायचा. खोड जिथे जमिनीला मिळतं तिथे गुडघ्यांवर बसा, पाचोळा हाताने बाजूला करा आणि खोडाला टेकून उभी असलेली, बोटाएवढी जाड, वीतभर उंचीची नळी शोधा. वाळलेलं मूळ किंवा वेलाचा तुकडाच वाटतो, कारण मादीने वरून मातीचे, शेवाळाचे कण चिकटवलेले असतात. शंका आली तर बोटाने अगदी हलकं दाबून बघा: मूळ कडक लागतं, ही पोकळ आणि मऊ लागते, एखाद्या जुन्या मोज्यासारखी. एक सापडली की त्याच झाडाला आणि शेजारच्या झाडांना नीट बघा, बऱ्याचदा आणखी निघतात. स्फोड्रोस नायगर ही जात मात्र नळी पाचोळ्याखाली आडवी पसरते. ती शोधायला निघालात तर दिवस वाया जाण्याची तयारी ठेवा.

नॅशनल पार्क आणि स्टेट पार्कमधून काही उचलायचं नाही. स्वतःचं अंगण किंवा मालकाची परवानगी असलेली जागा, एवढंच.

नळी जेवढी वर दिसते, साधारण तेवढीच, कधी जास्तही, जमिनीत असते. धक्का लागला की मादी तळाशी पळते. त्यामुळे वरून ओढू नका, नळी तुटते आणि मादी खालीच राहते. चारही बाजूंनी खुरप्याने माती मोकळी करून नळी मातीच्या ढेकळासकट उचला. हे झाडाच्या मुळांमध्ये करायचं असतं, त्यामुळे बोलायला सोपं, करायला अवघड.

घरी उंच, अरुंद बरणी घ्या. किमान फूटभर माती हवी, शक्यतो त्याच जागेची, थोडी वाळू मिसळून, दाबून बसवलेली. त्यात सालीचा एक तुकडा उभा रोवा आणि त्याच्या पायथ्याशी पेन्सिलीने खोल भोक पाडून मादीला त्यात सोडा. नळी फाटली असली तरी ती नवी विणते, पण त्याला वेळ लागतो. तोवर रोज उकरून बघू नका. पाण्याची वाटी ठेवायची गरज नाही, ती बाहेर येऊन पिणार नाही. नळीवर आणि मातीवर अधूनमधून फवारा मारा. वर जाळीचं झाकण लावा, नाहीतर बुरशी धरते. हिवाळ्यात बरणी हीटरजवळ न ठेवता थंड खोलीत ठेवा.

खाणं देताना मात्र पैसे वसूल होतात. रातकिडा चिमट्यात धरून त्याचे पाय नळीच्या बाहेरच्या बाजूला टेकवा. आधी काहीच होत नाही. मग नळी आतून किंचित हलते, आणि हलणारी जागा रातकिड्याच्या दिशेने वर सरकते. पुढच्या क्षणी दोन लांब, काळे सुळे नळीच्या भिंतीतून आरपार बाहेर येतात आणि रातकिडा तिथेच खिळतो. तो शांत झाला की मादी आतून नळीला चीर पाडते, त्याला आत ओढते आणि नंतर ती चीर शिवून टाकते. उरलेलं सालपट बाहेर फेकलं जातं, ते दिसलं की जेवण झालं असं समजा. दोन-तीन आठवड्यांनी एक रातकिडा पुरतो. चिमटा लांब दांड्याचाच वापरा. हिचं विष माणसाला धोकादायक मानलं जात नाही, पण ते सुळे बोटात घुसले तर दुखणारच.

हा सगळा खेळ झाडाशी बसूनही जसाच्या तसा बघता येतो, म्हणून मी स्वतः उकरायच्या विरोधात आहे. हे कोळी फार सावकाश वाढतात. इंग्लंडमधल्या अटायपस अफिनिस या भाऊबंदाची मादी वयात यायलाच चार-एक वर्षं घेते आणि त्यानंतरही काही वर्षं जगते. त्यामुळे एका झाडाच्या दोन-तीन माद्या काढल्या तर ती जागा भरून यायला बराच काळ लागतो. न्यायचीच असेल तर एकच न्या, आणि उन्हाळा उलटल्यावर नको: तेव्हा नळीत अंडी किंवा पिल्लं असू शकतात. पिल्लं आईच्याच नळीत हिवाळा काढतात आणि वसंतात वर चढून धाग्यावर वाऱ्यासोबत निघून जातात. बरणीत तसं झालं तर झाकण उघडून त्यांना त्याच ओकखाली सोडून या.