वाचकांचे प्रश्न : वकिलाच्या वेबसाइटवर काय लिहावं?

प्रश्न : सिनियरांचं ऑफिस सोडून कराडला स्वतःची वकिली सुरू केली आहे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने ‘कराडमधील नंबर एक वकील’ हे शीर्षक, जिंकलेल्या केसेस, पक्षकारांचे अभिप्राय आणि गूगलवर जाहिरात असं सगळं सुचवलंय. हे चालतं का? चालत नसेल, तर वेबसाइटचा उपयोग काय? – एक वकीलताई

उत्तर : तो मुलगा बहुधा कालच एखाद्या हॉटेलची वेबसाइट करून आलाय. ताई, यातलं काहीही चालत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलाने काम मिळवण्यासाठी जाहिरात करायची नाही. 2008 साली त्यात वेबसाइटपुरती सवलत आली, तीही मोजूनमापून : नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक व तारीख, कोणती बार कौन्सिल, कोणती बार असोसिएशन, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र. शिवाय माहिती खरी असल्याचं निवेदन. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन जाहिरात करून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करायला सांगितलंय. सनद तुमची आहे, त्या मुलाची नाही.

आता उपयोगाचं. या यादीतली शेवटची बाब, ‘कामाचं क्षेत्र’, बहुतेक वकील वाया घालवतात. ‘सिव्हिल लिटिगेशन, प्रॉपर्टी मॅटर्स’ असं ठोकून देतात. पाटणकडची कितीतरी कुटुंबं मुंबईत राहतात. वडील गेले, भावाने परस्पर वारस नोंद करून घेतली, सातबाऱ्यावर बहिणीचं नावच नाही. ती घाटकोपरच्या खोलीत बसून मोबाइलवर काय शोधेल? ‘लिटिगेशन’ नक्कीच नाही. ती ‘फेरफार’, ‘वारस नोंद’, ‘बहिणीचा हिस्सा’ असं मराठीत लिहील किंवा बोलून शोधेल. म्हणून तुम्हीही तसंच लिहा : ‘वाटणीचे दावे, वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हिस्सा, फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील, बांधाचे वाद, मृत्युपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र.’ जी कामं खरोखर करता तीच. मोटार अपघाताचा दावा कधी चालवला नसेल तर यादी लांबवायला तो घालू नका. ही जाहिरात नाही, नियमाने मागितलेलीच माहिती आहे, फक्त माणसाला कळेल अशी. ‘खात्रीशीर’, ‘अनुभवी’, ‘तज्ज्ञ’ ही विशेषणं मात्र गाळा.

पत्त्यालाही हेच लागू. ‘कोर्टासमोर’ लिहून भागत नाही, कोर्टासमोर सगळेच असतात. इमारत, मजला, जिना कुठल्या बाजूने ते लिहा. म्हातारी माणसं तेवढ्यासाठी फोन करतात आणि तुम्ही नेमक्या कोर्टात उभ्या असता. फोन नंबर चित्रात टाकू नका, बोट लावलं की लागला पाहिजे.

गूगलच्या नकाशावर पत्ता-फोन ठेवायला माझी हरकत नाही, पण पक्षकारांकडे तारे मागत फिरू नका. आणि मोठ्या फर्मच्या साइटवर आधी ‘मी स्वतःहून आलो आहे’ असं कबूल करून घेणारी चौकट येते, तिचं अनुकरण कशाला? नियमात ती कुठे नाही, आणि आपल्याकडचा पक्षकार तिथूनच परत फिरतो.

जाहिरातीचे पैसे वाचतील, त्यातून डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, घ्या. ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर. त्या मुलाच्या नव्हे. त्याला पुण्यात नोकरी लागली की पासवर्डही पुण्याला जातो.