पाळी ३५ दिवसांची आहे, २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन १.१ आले. म्हणजे स्त्रीबीज सुटत नाही का? आणि इस्ट्रॅडिऑल कशासाठी तपासतात?

या एका आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. तुमच्या बाबतीत रक्त बहुधा एक आठवडा लवकर घेतले गेले आहे.

‘२१वा दिवस’ हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा. बीज सुटल्यावर रिकाम्या झालेल्या पुटकाचे (अंडाशयातील ज्या पिशवीत बीज वाढते तिचे) पीतपिंड होते आणि ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करते. त्याची पातळी बीज सुटल्यानंतर साधारण ७ दिवसांनी सर्वांत वर असते. बीज सुटण्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला, १४ दिवसांच्या आसपास असतो. पाळी लांबते ती आधीचा टप्पा लांबल्यामुळे. म्हणून ३५मधून ७ वजा करा आणि २८व्या दिवशी रक्त द्या. २१व्या दिवशी तुमचे बीज जेमतेम सुटत असेल, तेव्हा १.१ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर हे अपेक्षितच आहे.

रक्त दिल्यानंतर पुढची पाळी कधी आली ती तारीख नक्की लिहून ठेवा. नमुन्यानंतर ५ ते ९ दिवसांत पाळी आली तर वेळ बरोबर साधली होती असे धरा. १५ दिवसांनी आली तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा. पाळी अनियमित असेल तर लघवीतील एलएच (बीज सुटायला लावणारे संप्रेरक) पाहण्याच्या पट्टीवर दोन्ही रेषा सारख्या गडद झाल्यापासून ८व्या दिवशी नमुना द्यावा.

योग्य वेळी ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला की बीज सुटले असे मानतात. पण ८ आणि १६ यांची तुलना करत बसू नका. हे संप्रेरक झटक्याझटक्याने रक्तात येते, त्यामुळे एकाच दिवशी काही तासांच्या अंतराने कितीतरी पट फरक पडू शकतो. एकक मात्र पाहा: काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये आकडा देतात आणि तो ३.१८ पट मोठा दिसतो.

इस्ट्रॅडिऑलबद्दलही विचारले आहे. ते इस्ट्रोजेन गटातले संप्रेरक आहे; वाढत्या पुटकातून येते, गर्भाशयाचे अस्तर जाड करते, हाडे राखते आणि पुरेसे वाढून दोनेक दिवस टिकले की एलएचची लाट उठवते. ते एफएसएचसोबत (पुटक वाढवणारे संप्रेरक) पाळीच्या २ऱ्या किंवा ३ऱ्या दिवशी तपासतात. जोडीनेच, कारण इस्ट्रॅडिऑल तेव्हाच ८० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या वर असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवते, त्याचा वाढलेला आकडा दिसत नाही आणि एकटे एफएसएच पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते.

आता प्रयोगशाळेची बाजू. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिऑलचे रेणू इतके लहान असतात की दोन प्रतिपिंडे (अँटीबॉडी) एकाच वेळी त्यांना धरू शकत नाहीत. म्हणून तपासणी स्पर्धेवर चालते: रक्तातील संप्रेरक आणि खूण लावलेले संप्रेरक एकाच प्रतिपिंडावरील जागेसाठी झगडतात. रक्तात जास्त असेल तितका यंत्राला मिळणारा संकेत कमी. केस-नखांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन काही यंत्रांत हा संकेत खाली पाडते, आणि मग प्रोजेस्टेरॉन खोटेच जास्त दिसते. त्याच नमुन्यात एफएसएच आणि एलएच उलट खोटेच कमी दिसतात, कारण त्यांची पद्धत दोन प्रतिपिंडांची असते आणि तिच्यात संकेत कमी म्हणजे संप्रेरक कमी. या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असू शकते, तर रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. डोस असा असेल तर रक्त देण्याआधी किमान २ दिवस गोळी बंद ठेवा. डोस फारच मोठा असेल तर आणखी जास्त दिवस.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना या तपासण्या करण्यात अर्थ नाही. गोळीतील कृत्रिम इस्ट्रोजेन इस्ट्रॅडिऑलच्या तपासणीत सहसा मोजले जात नाही, आणि शरीराचे स्वतःचे तर दबलेलेच असते. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही.

२८व्या दिवशीही आकडा ३च्या खाली आला आणि पाळी आठवड्याभरात आली, तर पुढच्या महिन्यात एकदा पुन्हा करा. तोही तसाच आला तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक) तपासून घ्या. या दोन्हींच्या बिघाडाने बीज सुटणे थांबू शकते.