कार्टिंग ट्रॅकवरचा घातपात लिहायचाय? ब्रेकची नळी सोडा, तुटलेला दांडा धरा

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरातल्या कार्टिंग शर्यतीवर, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीवर, रहस्यकथा लिहिताना ब्रेकची नळी कापून खून दाखवला, तर पटेल का.

जाणकाराला नाही पटणार. नळी कापली की तेल गळतं, पेडल पहिल्याच दाबात तळाला जातं आणि चालकाला ते पिटमधून, म्हणजे गाडी तयार करतात त्या जागेतून निघतानाच कळतं.

त्यापेक्षा स्टब एक्सल घ्या, म्हणजे पुढचं चाक ज्या आखूड दांड्यावर फिरतं तो. त्याचा व्यास जिथे बदलतो त्या खांद्याला गोलाई लागते, टर्नर तिला रेडियस म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कुणी घाईत या दांड्याची नक्कल उतरवली आणि रेडियस न देता सरळ काटकोन काढला, तर सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेचा, प्रत्येक हिसका तिथेच बसतो. आधी केसाएवढी चीर पडते, ती आत सरकत जाते आणि एका वळणावर दांडा तुटतो. नेमका कधी, हे मात्र कुणालाच ठरवता येत नाही. म्हणून ‘शेवटच्या फेरीतच तुटेल’ असा हिशेब मांडणारा खुनी दाखवू नका. एन-२४ या मजबूत मिश्र पोलादाचे पैसे घेऊन एन-८ हे साधं, स्वस्त पोलाद खपवणारा माणूस मला इथे जास्त खरा वाटतो. शिवाय अपघात झाला तेव्हा तो ट्रॅकच्या आसपासही नसेल.

आता तपास. कोल्हापूर निवडलंत याचा खरा फायदा इथे आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत धातू वाचणारी माणसं आहेत. धातूची जात स्पेक्ट्रोमीटरवर काही मिनिटांत कळते. तुटलेला पृष्ठभाग त्याहून जास्त बोलतो. चीर हळूहळू वाढली असेल तर एक भाग गुळगुळीत दिसतो, त्यावर शिंपल्यासारख्या वक्र रेषा असतात आणि त्यांचा रोख चीर सुरू झाली त्या जागेकडे असतो. उरलेला भाग खडबडीत, तो शेवटच्या क्षणी तुटलेला. धडकेतच तुटला असेल तर त्या रेषा नसतात आणि दांडा बहुधा वाकलेला असतो. हॅकसॉ लावला असेल तर सरळ समांतर ओरखडे.

आधी तुटला की धडकेत तुटला, कथेचा कणा हाच प्रश्न ठेवा. १९९४ साली इटलीतल्या इमोला ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेना अपघातात गेला आणि त्याच्या गाडीचा स्टीअरिंग कॉलम, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा, तुटलेला सापडला, तेव्हा इटलीच्या न्यायालयात याच प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद चालला.

एक बारकावा जरूर वापरा. तुटलेले दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहायचे नसतात, त्या घासण्याने खुणा पुसल्या जातात. वायर ब्रशही मारायचा नाही. अपघातानंतर गर्दीत कुणीतरी सहज म्हणून तुकडे उचलून जोडून बघतो, असा प्रसंग पहिल्या प्रकरणातच घाला. तो भाबडेपणा होता की पुरावा मोडणं, हे शेवटपर्यंत उघडू नका.