सॉर्टेड यादी दिली की ट्रीची साखळी का होते?

प्रश्न: मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथनमध्ये बायनरी सर्च ट्री (लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे ठेवणारी झाडासारखी रचना) लिहिलंय, दहा-बारा आकडे टाकले की मस्त चालतं, पण २००० रोल नंबरची फाईल दिली की रिकर्शन डेप्थची (फंक्शन स्वतःलाच फार खोलवर बोलावतंय अशी) एरर येते. लिमिट वाढवली तर चालतं पण शोधायला फार वेळ लागतो. मित्र म्हणतो यादी शफल करून टाक. कोडमध्ये चूक कुठेय?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: कोड बरोबरच असणार तुझा. रोल नंबर चढत्या क्रमाने येतायत ना, मग प्रत्येक नवा नंबर आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा, तो उजवीकडेच जाणार, पुढचा त्याच्याही उजवीकडे, असं करत करत २००० कड्यांची साखळी तयार होते. पायथनची लिमिट मुळात १०००, त्यामुळे हजाराच्या आसपास तो हात टेकतो. लिमिट वाढवून दुखणं नुसतं झाकलं जातं, कारण इन्सर्ट करतानाच जवळपास २० लाख तुलना होतात आणि पुढे एकेक नंबर शोधायला सरासरी हजार नोड (साखळीतल्या कड्या) तुडवायचे.

शफल केलंस तर ट्री बऱ्यापैकी पसरेल, पण मला ते पटत नाही. आयती क्रमाने लावलेली यादी हातात आलीय, ती विस्कटायची कशाला?

इन्सर्ट करूच नकोस. वहीत १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७० लिही. मधला ४०, तो रूट, म्हणजे सगळ्यात वरचा नोड. डावीकडे १०, २०, ३० उरले, त्यांचा मधला २०, उजवीकडे तसाच ६०, आणि १०, ३०, ५०, ७० खाली पानं. तीन मजल्यांत काम झालं आणि नंबरांची तुलना एकदाही करावी लागली नाही! २००० नंबरांना फक्त ११ मजले लागतात, म्हणजे रिकर्शनही तेवढंच खोल जातं, एररचा प्रश्नच येत नाही.

एक चूक मात्र पोरं हमखास करतात, प्रत्येक कॉलला यादीचा तुकडा कापून पाठवतात. त्यात दरवेळी कॉपी होते. यादी एकच ठेव, फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा इंडेक्स पाठव, आणि सुरुवात शेवटाच्या पुढे गेली की None (म्हणजे काहीच नाही) परत कर. पुढे जावात लिहिशील तेव्हा मधला काढताना दोन इंडेक्सची थेट बेरीज करू नकोस, सुरुवातीत फरकाचा अर्धा मिळव, नाहीतर खूप मोठ्या ॲरेत बेरीज ओव्हरफ्लो होते, म्हणजे इंटिजरमध्ये मावत नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये हाच बग कित्येक वर्षं होता, २००६ साली तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच त्यावर लिहिलं.

आणि हो, नंतर नवीन ॲडमिशन झाले, २००१, २००२ असे नंबर साध्या इन्सर्टने टाकलेस की उजव्या टोकाला परत साखळी लोंबायला लागते. वर्षातून एकदाच भर पडत असेल तर सरळ नवीन यादीवरून ट्री परत बांध, रोजच पडत असेल तर एव्हीएल ट्री (भर पडली की स्वतःचा तोल सावरणारं ट्री) शिकून घे.