सापाचा ईसीजी कुत्र्यासारखा वाचू नका

प्रश्न : सुटका करून आणलेल्या, साधारण एक किलोच्या धामणीचा ईसीजी काढला. मिनिटाला १४ ठोके, लहरी अगदी बुटक्या आणि प्रत्येक पी लहरीआधी (अलिंदांच्या आकुंचनाची लहर) आणखी एक बारीक उंचवटा. हा हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातला विद्युतसंकेत मध्येच अडणं, असेल का?
– पशुवैद्यकशास्त्राचा विद्यार्थी, परभणी

उत्तर : धामणीचं तापमान किती होतं? तुमच्या पत्रात ते नाही, आणि त्याशिवाय १४ या आकड्याला अर्थ नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी ढोबळ सूत्र असं : किलोतल्या वजनाचा उणे ०.२५ घात, गुणिले ३३.४. एक किलोला ३३ ठोके. हा हिशेब प्राणी सोयीच्या उबेत असतानाचा. शरीर दहा अंशांनी थंडावलं की ठोके निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात; गार फरशीवरून उचललेल्या धामणीत १४ हे निरोगी हृदयाचेच असू शकतात. २८ ते ३० अंशांत दोन-तीन तास ठेवा आणि अवस्करात (मलमूत्र बाहेर पडण्याच्या सामाईक मार्गात) बारीक प्रोब घालून तापमान मोजा. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर इथे कुचकामी, ३२ अंशांखाली तो नुसता ‘लो’ दाखवतो. शरीर तापत असताना घाईने रेकॉर्डिंग नको. त्याच तापमानाला तापणाऱ्या प्राण्याचे ठोके निवणाऱ्यापेक्षा जास्त असतात.

तो उंचवटा सायनस व्हेनोससचा. आपल्यात हा कप्पा उजव्या अलिंदात विरून गेलाय. सापात तो वेगळा असतो आणि ठोका तिथूनच सुरू होतो. बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये ही लहर दिसतसुद्धा नाही. तिलाच पी समजलं, की खरी पी ‘जादा’ वाटते आणि नसलेला ब्लॉक कागदावर दिसू लागतो. ब्लॉक म्हणायचा तर पी येऊनही तिच्यामागचा क्यूआरएस (निलयांच्या आकुंचनाची लहर) गळलेला दिसला पाहिजे. क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लहरीच्या शेवटापर्यंतचं अंतर) लांबलचक असणं, टी (ठोक्यानंतर निलयं पूर्ववत होतानाची लहर) उलटी असणं, हेही इथे नेहमीचंच.

लहरी बुटक्या असणारच, बहुधा १ मिलिव्होल्टच्या आत. यंत्राची संवेदनशीलता मिलिव्होल्टला २० मिमीवर न्या. सापाला उताणा धरा. तोंडापासून साधारण पाव लांबीवर पोटाच्या खवल्यांखाली ठोका दिसतो. तिथून हृदयाच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, एक पुढे आणि एक मागे, असे इलेक्ट्रोड लावा. खवल्यांवर नुसती क्लिप चालत नाही. खवल्यांच्या मधल्या कातडीतून २५ गेजची सुई घालून क्लिप तिला पकडवा. हीटिंग पॅडचा प्लग काढून ठेवा, नाहीतर घरगुती विजेची ५० हर्ट्झची झालर रेघेवर चढते. यंत्राने दाखवलेल्या ठोक्यांवर विसंबू नका, टी लहरही ते मोजून टाकतं. सेकंदाला २५ मिमी वेगाने ७५ सेंमी, म्हणजे अर्ध्या मिनिटाचा, कागद काढा, क्यूआरएस मोजा, दुप्पट करा.

प्रश्न : सरड्याच्या पुढच्या पायांना क्लिपा लावल्या तर रेघ सपाट येते.

उत्तर : त्याचं हृदय खांद्यांच्या हाडांमध्येच असतं. पुढचे इलेक्ट्रोड मानेवर घ्या. घोरपडीचं हृदय बरंच मागे असल्याने तिच्यात पाय चालतात.

प्रश्न : कासव हलत नाही, पण ईसीजी चालू आहे. जिवंत समजायचं?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. मेंदू मेल्यावरही कासवाचं हृदय काही तास विद्युतलहरी देत राहतं. उलट थंडीने गारठलेलं जिवंत कासवही मेल्यासारखं पडून असतं. आधी सावकाश ऊब द्या, मग डॉप्लरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने) रक्त वाहतंय का ऐका, डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का बघा. काहीच नसेल तर उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. शवविच्छेदन तोवर थांबू द्या.