अत्याचारानंतरची स्वतःची ओळख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका माणसाने माझ्यावर लैंगिक अत्याचार केला. समुपदेशन घेतले, झोपही आता बरी लागते. परंतु पूर्वी मी गात असे, भडक रंग वापरत असे, कोणाशीही वाद घालत असे. आता कपाटात फक्त राखाडी आणि काळे सैल कपडे आहेत. ती पूर्वीची मी कधी परत येईल?

उत्तर : ती जशीच्या तशी परत येईल, असे आश्वासन मी देणार नाही. तसे दिले, तर तुम्ही रोज स्वतःला त्या जुन्या मुलीशी ताडून पाहाल आणि रोज उण्या ठराल. अत्याचारात शरीराबरोबरच स्वतःबद्दल ठरवण्याचा अधिकार पायदळी तुडवला जातो. त्यामुळे ओळख पुन्हा उभी राहते तीही बव्हंशी लहानसहान निर्णयांतून, असे माझे मत आहे. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : प्रथम सुरक्षितता, नंतर घडलेले आठवून त्याचा शोक करणे आणि शेवटी माणसांशी व जगण्याशी पुन्हा नाते जोडणे. हे टप्पे सरळ रेषेत येत नाहीत. झोप सुधारली की सगळे संपले असे भोवतालच्यांना वाटते आणि मधला शोक राहूनच जातो. गमावलेल्या त्या वर्षांसाठी, त्या निर्धास्त मुलीसाठी रडणे म्हणजे मागे जाणे नव्हे.

एखाद्या निवांत दुपारी ते कपाट उघडा आणि कोणते कपडे आवडीने घेतले, कोणते नजरेआड राहण्यासाठी घेतले, हे पाहा. दुसऱ्या प्रकारचे टाकून देण्याची काहीच घाई नाही. त्यांनी तुम्हाला कठीण काळात आधार दिला आहे. गाण्याचेही तसेच. श्रोता नको, दार लावून एक कडवे म्हणा आणि नकोसे वाटले तर मध्येच थांबा, कारण कुठे थांबायचे हेही तुम्हीच ठरवणार आहात. वाद घालण्याची सुरुवात मात्र मी लवकर करायला सांगेन : ‘मला जमणार नाही’ एवढेच म्हणायचे आणि कारण द्यायचे नाही.

प्रश्न : मी पुरुष आहे. लहानपणी नात्यातील एकाने काही वर्षे माझे लैंगिक शोषण केले. मी ओरडलो नाही, शरीराने प्रतिसादही दिला. मग मीही त्यात सामील होतो का? आणि मला तर ‘आधीचा मी’ आठवतच नाही.

उत्तर : तुम्ही सामील नव्हता. स्पर्शाला शरीराने दिलेला प्रतिसाद ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, ती संमती नसते. भीतीने अंग लुळे पडणे, तोंडातून आवाज न फुटणे हेही इच्छेच्या ताब्यात नसते आणि मोठ्या माणसांच्या बाबतीतही असेच घडते. जबाबदारी संपूर्णपणे त्या प्रौढाची आहे.

मानसशास्त्रज्ञ रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे केले : ‘मी तसे वागायला नको होते’ आणि ‘मी माणूसच तसला आहे’. पोखरतो तो दुसरा. ज्यांच्या आधाराने जगायचे ती माणसेच वाईट आहेत हे मुलाला पेलवत नाही, म्हणून ते वाईटपणा स्वतःकडे घेते आणि पुढे तोच आपला स्वभाव आहे असे मानू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणावाच्या गुंतागुंतीच्या प्रकाराचा समावेश आहे आणि ‘मी कवडीमोल आहे’ ही सततची भावना त्याच्या लक्षणांत मोडते. तुम्हाला तो विकार आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. मात्र ज्याला तुम्ही स्वतःची ओळख समजत आला आहात, ती कदाचित जखमेची खूण असेल, हे तपासून पाहण्यासारखे आहे. आधीचा ‘मी’ आठवत नसेल, तर त्या वर्षांतही तुमचे स्वतःचे काय होते ते शोधा : एखादा खेळ, वहीतली चित्रे, लपायची एखादी जागा. ते मूल केवळ सोसत नव्हते, जगतही होते.

प्रश्न : घरचे म्हणतात, त्याला माफ केल्याशिवाय तू मोकळी होणार नाहीस. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. क्षमा न करताही माणसे उत्तम सावरतात. हा आग्रह बहुधा घरातील अवघडलेपण संपवण्यासाठी असतो.

प्रश्न : पत्नीने बालपणी घडलेले मला अलीकडेच सांगितले. तेव्हापासून तिला स्पर्श करायलाही मी बिचकतो. ती चिडून म्हणते, ‘मी तीच आहे, मला काचेचे भांडे समजू नकोस.’

उत्तर : त्यांचे म्हणणे रास्त आहे. मनाशी तर्क लढवण्यापेक्षा त्यांनाच विचारा : कोणता स्पर्श चालतो, कोणता नाही, मागून जवळ आलेले चालते का. नकार आला तर चेहरा पाडू नका. पुढच्या वेळी त्या खरे बोलतील की नाही, हे त्यावर ठरते. तपशील खोदून विचारू नका आणि त्यांच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नका. याखेरीज घरात भांडणे, थट्टा, कंटाळा हे सगळे पूर्वीसारखे चालू द्या.

प्रश्न : समुपदेशक निवडताना काय पाहावे?

उत्तर : आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. आघातोत्तर तणावाच्या विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातकेंद्रित वर्तन-बोध उपचार (त्रासदायक विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारे) आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत यांची शिफारस केली. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांनी विकसित केलेल्या, साधारण १२ सत्रांच्या पद्धतीत विश्वास, नियंत्रण, आत्मसन्मान आणि जवळीक यांविषयीच्या धारणा तपासल्या जातात. ओळखीचा प्रश्न सतावणाऱ्यांना ती विशेष उपयोगी वाटू शकते. पहिल्याच दिवशी सगळे सांगण्याचा दबाव आणणाऱ्या समुपदेशकाकडून तुम्ही उठून येऊ शकता. आत्महत्येचे विचार येत असतील, तर मात्र योग्य माणूस शोधत थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा आणि विश्वासातील कोणाला तरी सोबत न्या.